जुन्या लाकडी घराची कुळकथा शोधायची असेल तर

आधी कागदांमागे धावू नका. मी धावले आणि दोन वर्षं गेली. गोव्यात फोंडा महालातलं आमचं सासरचं घर, फणसाचे खांब, राजांगण म्हणजे घराच्या पोटातलं उघडं अंगण, त्याच्या मधोमध तुळस. ‘दोनशे वर्षांचं’ असं सगळेच सांगत. बांधलं कोणी, कोणाच्या वाट्याला कसं आलं, हे मात्र कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. वाट दाखवली म्हाताऱ्या मेस्ताने, म्हणजे सुताराने. सोप्यातल्या शेवटच्या सरावर (आडव्या तुळईवर) टॉर्च मारून तो म्हणाला, “वैनी, हा सर इथे संपत नव्हता. कापलाय.”

म्हणून सुरुवात लाकडापासून करा. टॉर्च, वही आणि कोरडा कपडा पुरे. तेल-पॉलिश काही लावू नका, त्याने खुणा बुजतात. घराचा कच्चा नकाशा काढा, खांबांना आकडे द्या आणि रिकाम्या खाचा शोधा. खाच आहे म्हणजे तिथे कधीतरी दुसऱ्या लाकडाची कूस, म्हणजे खाचेत बसणारं तासलेलं टोक, बसली होती. आमचा सर काजळीने काळा; त्यावर टोकापासून वीतभर आत अशीच एक खाच होती, आतून उजळ. टोकाचा कापही तसाच उजळ. म्हणजे चुलीचा धूर वर्षानुवर्षं बसल्यावर घर तिथून तोडलेलं.

वाकसाने (सुताराच्या तासणीने) तासलेल्या लाकडावर उथळ खपल्या दिसतात, गोल पात्याच्या यंत्रकरवतीने कमानीसारख्या रेषा उमटतात. चौकोनी घडीव खिळे जुने, गोल तारेचे नंतरचे. कौल उलटून शिक्का वाचा. बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, त्यामुळे मंगळुरी कौल त्याआधीचं असूच शकत नाही. पण कौलावरून छपराचं वय कळतं, घराचं नव्हे; त्याआधी नळे, म्हणजे अर्धगोल गावठी कौलं, असतील.

आता कागद. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारासारखा जमिनीचा उतारा) घ्या, सर्व्हे नंबर कळेल. ‘इतर हक्क’ हा रकाना जरूर वाचा. मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतल्या घरात राहणाऱ्याचं, नाव पुष्कळदा तिथेच सापडतं. मग पोर्तुगीजकालीन जमीन नोंदणी: देस्क्रिसांवमध्ये मालमत्तेचं वर्णन आणि चतुःसीमा, इन्स्क्रिसांवमध्ये ती कोणाच्या नावे लागली ते. मात्रिझ ही कराची नोंद. तिच्यावरून मालकी ठरवू नका. नावांपेक्षा चतुःसीमांवर जास्त भर द्या. माणसं बदलतात, वहाळ (ओढा) सहसा तिथेच राहतो. भाटाचं (बागायती जमिनीचं) जुनं नाव गावातल्या वृद्धांना विचारून ठेवा. आणि पोर्तुगीज अक्षरांनी फसू नका: त्यांच्या लेखनात शंकर एक्सखाली, केशव क्यूखाली सापडतो. माझा पहिला सगळा शोध याच कारणाने वाया गेला.

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे इन्व्हेंतार, वारसांतल्या वाटणीचं न्यायालयातलं प्रकरण. १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा गोव्यात १८७० पासून आला. त्यात नवराबायकोची संपत्ती समाईक धरतात, म्हणून विधवेचा अर्धा हिस्सा आधी बाजूला काढतात. घरच्या वंशावळीत नसलेल्या बायका तिथे पूर्ण नावानिशी भेटतात. पोर्तुगीज वाचणारं माणूस सोबत न्या, अंदाजाने अर्थ लावू नका.

माझ्या आजेसासूला घरात सगळे ‘आये’च म्हणत. तिचं खरं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते तिच्या नवऱ्याच्या इन्व्हेंतारात. पुढचा सोपा, देवघर आणि राजांगण तिच्याकडे. पश्चिमेचा भाग, रांदणीकुडीसकट (स्वयंपाकघरासकट), तिच्या धाकट्या दिराकडे. तिथेच आमचा सर कापला होता. दिराने आपल्या वाट्याचं लाकूड उतरवून नेलं. विहीर मात्र दोघांत समाईक ठेवली होती.

परवा त्या बाजूचा पुतण्या आला. त्याला कागद दाखवला, मग सराखाली नेलं. त्याने हात वर करून खाच चाचपली आणि म्हणाला, “काकी, आमच्या ओटीवर एक खांब आहे, त्याची कूस ह्याच मापाची असावी.” रविवारी फूटपट्टी घेऊन जाणार आहोत.