पाहुणे यायच्या आधी आतली कडी बसवा

२०२३ च्या जूनमध्ये मणिपूरहून एक कुटुंब आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या आसऱ्याला आलं. एक आई, तिची सासू आणि तीन लेकरं. चर्चमागची खोली आम्ही चुना मारून ठेवली होती. खाटा, गाद्या, माठ, कूलर, नवी भांडी, सगळं तयार होतं. चौथ्या दिवशी पहाटे मी दूध द्यायला गेले, दार ढकललं, तर ते उघडेना. आतून ती आई दाराला पाठ टेकून बसल्या-बसल्या झोपली होती. तीन रात्री ती तशीच झोपत होती, कारण त्या दाराला आतून कडीच नव्हती. पूर्वी तिथं सतरंज्या आणि बाकं ठेवायचो, त्यामुळे कडी-कोयंडा फक्त बाहेरून. ३ मेला मणिपुरात हिंसाचार पेटल्यावर जीव मुठीत धरून घर सोडलेल्या बाईला आम्ही बंद न होणारं दार दिलं. पाळकसाहेबांपासून माझ्यापर्यंत कुणाच्याही ते ध्यानात आलं नाही. आता तालुक्यातल्या दुसऱ्या एका मंडळीत कुटुंब यायचं आहे, म्हणून हे लिहिते.

तर पहिलं काम कडी. वर एक, खाली एक. संडास-न्हाणीलाही आतून. खिडकीला पडदा. आपल्याकडे उन्हाळ्यात दारं सताड उघडी टाकून अंगणात झोपायची सवय, म्हणून हे आपल्याला सुचतच नाही. कडी लावली की खोली तापते, म्हणून कूलर खिडकीत बसवा, दारात नको. आम्ही दारात ठेवला होता. म्हणजे हवा हवी तर दार उघडं ठेवा, अशीच सोय झाली. कुलपाच्या दोन्ही किल्ल्या त्यांच्याच हातात द्या. मंडळीची खोली आहे म्हणून एक किल्ली आपल्याकडे ठेवायची नाही.

पाणी, अंथरूण, साबण हे तुम्ही करालच.

दुसरी गोष्टही त्या दाराचीच. गावात नवं माणूस आलं की अख्खी गल्ली बघायला येते. कुणी भाजी घेऊन येतं, कुणी नुसतंच येऊन दारात बसतं. प्रेमानंच येतात, पण त्या आजीला पहिल्या दिवशी तीसेक माणसं बघून गेली. महिला मंडळातल्या दोघी ठरवा, त्यांनीच जावं. कडी वाजवावी, आतून उघडेपर्यंत थांबावं, आणि नाही उघडलं तर डबा बाहेर ठेवून परत यावं. बायबलात मत्तयाच्या २५ व्या अध्यायात परक्याला घरात घेतल्याचं आहे, ते आपण दर वर्षी ऐकतो. घरात घेतलं म्हणजे ते घर त्याला आतून लावताही आलं पाहिजे, असं मी आता समजते.

रात्रीचे आवाज. आपल्या शेतांत रानडुकरं हाकलायला रात्री-बेरात्री सुतळी बॉम्ब फुटतात, आपण कूसही बदलत नाही. त्या घरातली लेकरं पहिल्याच रात्री खाटेखाली गेली. आल्या दिवशीच सांगा, आणि नुसतं सांगून भागत नाही. उजेडात पोरांना शेतावर न्या, डुकरांनी उकरलेलं दाखवा, फटाका कुठं लावतात ते दाखवा. जवळच्या शेतकऱ्यांना पहिला आठवडाभर पत्रा वाजवून भागवायची विनंती करा. आम्ही केली तेव्हा ऐकलं त्यांनी, आणि त्यातला एकही ख्रिस्ती नव्हता.

जेवण. पहिल्या रात्री आम्ही कोंबडीचा रस्सा केला, वर बोटभर तर्री. मुलांनी भातावर माठातलं पाणी घेतलं आणि तेवढंच खाल्लं. तांदूळ भरपूर ठेवा, भाज्या उकडलेल्या चालतात, तिखट वेगळ्या वाटीत. खरं तर चार दिवसांनंतर डबे बंदच करा आणि छोटा सिलिंडर-शेगडी द्या. बाईच्या हातात तिची चूल आली की घर सुरू होतं. त्या खोलीत तर ते कडी बसली त्याच दिवशी झालं. गावातल्या सुतारानं अर्ध्या तासात कडी लावली, आणि संध्याकाळी आतून भाताचा वास आला. एवढंच काम होतं ते.

उपासनेत त्यांच्या हातात माईक देऊ नका. साक्ष, म्हणजे देवानं कसं सांभाळलं ते, सगळ्यांसमोर सांगा म्हणू नका, फोटो काढू नका, ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. आले तर बसू द्या, नाही आले तर विचारू नका. उपासनेला येणं हे काही खोलीचं भाडं नव्हे, आणि कुटुंब ख्रिस्ती नसलं तरी यादी हीच. वचन वाचताना अध्याय आणि वचनाचा आकडा आधी हिंदीतून सांगा, म्हणजे ते आपल्या भाषेच्या बायबलात काढतात. स्तोत्र १२१ लागलं तेव्हा आजी आमच्याबरोबर, तिच्या भाषेत, मोठ्यानं वाचत होती. डोंगरांकडे डोळे लावायचं स्तोत्र ते, आणि ती डोंगरातलीच.

कागद. सरपंच आणि पोलीस पाटलाला आधीच भेटा, नाहीतर गावात भलतीच चर्चा सुरू होते. ही माणसं भारतीय नागरिक आहेत, आपल्याच देशात विस्थापित झालेली, हे स्वच्छ सांगा. म्यानमारसारख्या परदेशातून आलेलं कुणी असेल तर गोष्ट वेगळी. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, आणि परदेशी माणूस घरी उतरवला की पोलिसांकडे लगेच नोंद करावी लागते. ते चुकवू नका, त्रास त्यांनाच होतो. शाळेत दाखला नाही म्हणून ६ ते १४ वर्षांच्या लेकराला थांबवता येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं आहे, वर्गही वयानुसार मिळतो. मुख्याध्यापकांशी भांडू नका, कायदा दाखवा. रेशनकार्ड आधारला जोडलेलं असेल तर आपल्या दुकानातही अंगठ्यावर धान्य मिळतं.

गडचिरोलीत बंगाली निर्वासितांचे कॅम्प आहेत, गोंदियात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिथल्या जुन्या माणसांना एकदा विचारून या, पहिल्या महिन्यात काय टोचलं ते. आम्ही हे नंतर केलं.

पुढचं थोडक्यात. दवाखान्यात सोबत बाई जावी. मजुरी गावच्याच दरानं, परके म्हणून कमी नाही. गोळा झालेले पैसे आईच्या हातात, हिशेब मागायचा नाही. किती दिवस राहणार हे विचारायचं नाही. जायचं ठरलं की शाळेचा दाखला वेळेत काढा, तिकिटं काढा, वाटेसाठी भात बांधून द्या.

आणि सुताराला आजच फोन करा. लग्नसराईत तो आठ-आठ दिवस सापडत नाही.