वेडी बाभूळ काढताय? पंजातलं ओझं गुडघ्याच्या वर नेऊ नका

तूर, हरभरा घरात आला. पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) अजून रानात उभी आहे आणि धुऱ्यावरची वेडी बाभूळ पिकाच्या चांगल्या चार ओळी आत सरकली आहे. मृगाच्या आत रान मोकळं करायचं तर एप्रिल-मे एवढाच वेळ हातात असतो. कुऱ्हाड आणि दोरखंडाने आठ दिवस चालणारं हे काम ट्रॅक्टरच्या लोडरला, म्हणजे पुढच्या उचलणाऱ्या हातांना, पंजा (खोड आवळून धरणारा लोखंडी चिमटा) लावला की दोन दिवसांत उरकतं. घाई होते ती तिथेच.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या धुऱ्यावर मुळासकट उपटलेलं बाभळीचं खोड पंजात होतं. समोरचं दिसावं म्हणून चालकाने ते छातीएवढं वर धरलं आणि तसाच वळला. पुढचं डावं चाक काळ्या रानातल्या भेगेत बसलं, तसं मागचं उजवं चाक वीतभर वर सुटलं. टायरच्या खाचेतलं ढेकूळ खाली पडताना मी पाहिलं. पोरगा शहाणा होता. ब्रेक न दाबता त्याने आधी लोडर खाली घेतला. खोड जमिनीला टेकलं आणि चाक बसलं.

असं का होतं, ते एकदा हिशोबाने बघा. पुढच्या आणि मागच्या चाकांत २ मीटर अंतर आहे आणि पंजासकट ४०० किलोचं ओझं पुढच्या चाकांच्या दीड मीटर पुढे लटकतंय, असं धरा. तेवढ्याने मागच्या चाकांवरचं ३०० किलो वजन कमी होतं आणि पुढच्या चाकांवर ७०० किलो वाढतं. त्यात पुढचा अॅक्सल मधल्या पिनवर डोलतो, त्यामुळे ट्रॅक्टर कलू लागला की पुढची चाकं त्याला लगेच अडवत नाहीत. ओझं जेवढं वर, तेवढा तोल लवकर जातो. म्हणून चालताना पंजा गुडघ्याच्या खालीच ठेवा, दगडधोंडे चुकतील इतकाच वर. दिसत नसेल तर ओझं कमी घ्या, उंच करू नका.

मागे वजन हवंच. वजनपेटी नसेल तर रोटाव्हेटर जोडा, जमिनीपासून थोडाच उचललेला आणि पीटीओ (रोटाव्हेटर फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद. मागच्या टायरांत पाणी भरलेलं असेल तर आणखी बरं. पुढच्या टायरांची हवाही सकाळीच बघून घ्या.

ओझ्याचा अंदाज इथे हमखास चुकतो. ओली बाभूळ घनमीटरला टनाच्या आसपास भरते, म्हणजे एक फूट जाडीचं, दहा फूट लांबीचं खोडच दोनशे किलोच्या वर जातं. मुळाला चिकटलेली काळी माती वेगळी, आणि अवकाळी पाऊस होऊन गेला असेल तर विचारूच नका. खोड आधी जमिनीवर लोळवून माती झाडा, लांब असेल तर तोडून दोन खेपा करा. लोडर किती उचलतो याचा जो आकडा सांगतात तो बहुतेक वेळा हाताच्या टोकाच्या पिनेपाशी मोजलेला असतो. ओझं त्याच्या पुढे लटकतं आणि पंजाचं स्वतःचं वजनही त्यातूनच जातं. खोड मधोमध धरा. एका टोकाला धरलेलं खोड वळताना फिरतं आणि बाजूच्या माणसाला लागतं.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती ट्रॉली भरताना. ट्रॉलीत एक माणूस रचायला उभा, डोक्यावर उघडणारा पंजा, हे चित्र हंगामात सगळीकडे दिसतं. हायड्रोलिकचा, म्हणजे लोडर-पंजा चालवणाऱ्या दाबाच्या तेलाचा, पाईप फुटला तर पंजा आवळलेला राहीलच असं नाही. ट्रॉलीत माणूस असेपर्यंत पंजा वर जाता कामा नये. ट्रॉली सपाट जागी लावा, चाकांना दगड द्या, ट्रॅक्टर सरळ समोर आणा, थांबा आणि मगच उचला. वर नेताना पंजा मागे कलू देऊ नका, गोल खोड लोडरच्या हातांवरून घरंगळत थेट सीटवर येतं. ऊन लागू नये म्हणून बसवलेली छत्री ते अडवत नाही. रोलबार (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी सीटमागची लोखंडी कमान) असेल तर बेल्ट लावाच. रोलबार नसेल तर बेल्ट बांधू नका, उलटताना अडकून पडाल.

चढाला ओझं पुढे ठेवून जा, उताराला मागे-मागे उतरा, म्हणजे ओझं कायम चढाच्या बाजूला राहतं. कठडा नसलेल्या विहिरीपासून लांब राहा. तिची कड वरून घट्ट दिसली तरी आतून सुटलेली असते.

रानातल्या तारा उन्हाने आणखी लोंबतात. उचललेल्या पंजात, ओझ्याच्या शेंड्यात आणि तारेत किमान दहा फूट अंतर असू द्या. तार लागलीच तर सीटवरच बसून राहा, कुणाला जवळ येऊ देऊ नका आणि महावितरणला १९१२ वर फोन करून वीज बंद करायला लावा. ट्रॅक्टरने पेट घेतला तरच उतरा. तेही दोन्ही पाय जोडून उडी मारून. ट्रॅक्टर आणि जमीन एकाच वेळी अंगाला लागता कामा नये. मग पाय न उचलता, घासत-घासत लांब जा.

पऱ्हाटी वजनाला हलकी, पण वाळून कोळ झालेली असते. सायलेन्सरजवळ आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेल्या काड्या दर दोन-तीन खेपांनी, इंजिन बंद करून काढा. ढिगात साप, विंचू, जुनी काटेरी तार असते, तेव्हा ढीग आधी पंजाने हलवा, हात नंतर घाला.

पाईपमधून तेल झिरपत असेल तर बोटाने चाचपू नका. दाबाचं बारीक तेल कातडीत शिरतं, वरून टाचणीएवढाच ठिपका दिसतो आणि आत हात सडतो. पुठ्ठा फिरवून बघा. तेल शिरलंच तर दुखण्याची वाट न बघता तासाभरात मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना 'हायड्रोलिक तेल शिरलंय' असं सांगा.

आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) ट्रॅक्टर लावताना लोडर जमिनीला टेकवा, इंजिन बंद करून लोडरच्या दांड्या दोन-तीनदा हलवा म्हणजे पाईपमधला दाब उतरतो. किल्ली काढून घरी न्या. संध्याकाळी लेकरं त्या पंजावर खेळायला चढतात.