प्रीमियर पद्मिनीचे सुटे भाग कसे शोधावेत

कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकल्या गेलेल्या फियाटचे सुटे भाग इतकी वर्षे सहज मिळत राहिले, याचे मोठे श्रेय मुंबईच्या टॅक्सींकडे जाते. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून कायमची गेली. रोज खपणारा माल आता तसा खपत नसल्याने दुकानदार तो पूर्वीसारखा भरून ठेवत नाहीत. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरी करायची तयारी पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाची झाली आहे.

पहिली गोष्ट म्हणजे खराब झालेला भाग, तो कितीही झिजलेला असो, नवा बसवून गाडी चालेपर्यंत फेकू नये. मेकॅनिकला तसे आधीच सांगून ठेवावे, कारण गॅरेजमध्ये जुना भाग भंगाराच्या डब्यात जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. भाग सोडवण्यापूर्वी तो जागेवर असताना चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि गाडीचे वर्ष, इंजिन क्रमांक व चासी क्रमांक एका वहीत लिहून ठेवावा. दुकानात मात्र ‘पद्मिनी’पेक्षा ‘फियाट’ म्हणून विचारलेले लवकर समजते. या गाडीचे उत्पादन अनेक दशके चालले आणि मधल्या काळात भाग बदलत गेले. वीज तयार करायला जुन्या गाड्यांना डायनॅमो आहे, नंतरच्यांना अल्टरनेटर; म्हणून केवळ गाडीचे नाव सांगून मागवलेला भाग बसेलच असे नाही.

त्यानंतर भागावरील आकडे वाचावेत. माझ्या मते शोधाचे अर्धे काम येथेच होते. बेअरिंगच्या कडेवर कोरलेला क्रमांक जगभर एकाच अर्थाने वापरला जातो: ६२०४ म्हणजे आतील व्यास २० मिमी, बाहेरील ४७ मिमी आणि रुंदी १४ मिमी. असे बेअरिंग फियाटचे म्हणून शोधण्याची गरजच नसते, ते कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळते. तेल गळू न देणाऱ्या रबरी कड्यावर, म्हणजे ऑइल सीलवरही, आतील व्यास, बाहेरील व्यास आणि रुंदी या क्रमाने मापे असतात. आकडे पुसले गेले असतील तर व्हर्नियर कॅलिपरने मोजावे. झिजलेल्या सीलचे माप घेण्यापेक्षा ते ज्या शाफ्टवर बसते त्याचे आणि ते ज्या खोबणीत बसते तिचे माप घेतलेले बरे. नट-बोल्टचे आटे या गाडीत मेट्रिक आहेत, अँबॅसिडरमध्ये ते इंची असतात. दिसायला सारखा असलेला इंची बोल्ट जोर लावून बसवला तर इंजिनाच्या वरच्या भागातले, म्हणजे हेडमधले, आटे जातात आणि दहा मिनिटांचे काम लेथवाल्याकडे जाऊन पडते.

बाजारात नवा किंवा पडून राहिलेला जुना कंपनीचा माल पाहायचा असेल तर मुंबईत ऑपेरा हाउस परिसर आणि पुण्यात नाना पेठ येथून सुरुवात करावी. वापरलेल्या भागांसाठी कुर्ल्याचा भंगार बाजार, चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार आहेत. महाराष्ट्राबाहेर दिल्लीतील काश्मिरी गेट आणि चेन्नईतील पुदुपेट्टै ही नावे लक्षात ठेवावीत.

जुना कंपनीचा माल धातूचा असेल तर आनंदाने घ्यावा, रबराचा असेल तर घेऊ नये. ब्रेकचे रबरी किट वीस वर्षे डब्यात बंद राहिले तरी कडक होते, आणि ब्रेकच्या बाबतीत पैसे वाचवणे मला मान्य नाही. पेट्रोलचा होज, इंधन पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटर किट घेताना ते इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे आहेत का, हे विचारावे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या प्रकारचे रबर त्यात फुगते.

अनेक भाग नवे शोधण्यापेक्षा आहेत तेच दुरुस्त करणे शहाणपणाचे ठरते. ब्रेक शूला नवे लायनर चिकटवून मिळतात, पाण्याच्या पंपाचे बेअरिंग व सील बदलता येतात, रेडिएटरला नवा कोअर बसतो आणि खड्डे पडलेल्या ब्रेक सिलिंडरला आतून नवी नळी, म्हणजे स्लीव्ह, घालता येते.

परदेशातून भाग मागवताना एक फसगत टाळावी. आपल्या फियाटचे इंजिन १०८९ सीसीचे, ६८ मिमी बोअरचे (सिलिंडरच्या आतील व्यासाचे) आहे. इटलीत ११०० डी या नावाने विकल्या गेलेल्या गाडीचे इंजिन मात्र १२२१ सीसीचे, ७२ मिमी बोअरचे होते. त्यामुळे पिस्टन किंवा हेड गॅस्केट नावावरून नव्हे, तर बोअरच्या मापावरून मागवावे.

सर्वांत अवघड असतात त्या काचेभोवतीच्या रबरी पट्ट्या म्हणजे बीडिंग, क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांची झाकणे आणि दरवाजाची हँडल. यांसाठी कधी कधी मोडीत निघालेली पूर्ण गाडी घेणे स्वस्त पडते, परंतु तिची नोंदणी रद्द झाल्याची कागदपत्रे हातात आल्याशिवाय व्यवहार करू नये. त्या गाडीचे इंजिन आपल्या गाडीत बसवायचे असल्यास आरटीओमध्ये नोंद करावी लागते. त्यापूर्वी आणखी एक विचार करावा: २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या खाजगी गाडीला विंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक घेता येतो, पण त्यासाठी चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. १९७० च्या दशकातील गाडी असेल, तर मूळ ब्लॉक रिबोअर करून, म्हणजे त्यातील सिलिंडर किंचित मोठे कोरून, ओव्हरसाइज पिस्टन घालता येतात का, हे आधी तपासून घ्यावे आणि बदली इंजिनाचा विचार त्यानंतरच करावा.