कारशिवाय शहराची सहल: आधी परतीची ट्रेन बघा

तीन-चार दिवस एका शहरात मुक्काम आणि तिथून ट्रेननं आसपासची गावं, असा बेत असेल तर हॉटेल शोधण्याआधी रेल्वेचा नकाशा उघडा. लंडन, पॅरिससारख्या शहरांत वेगवेगळ्या दिशांच्या गाड्या वेगवेगळ्या स्थानकांवरून सुटतात. त्यामुळे नुसतं ‘स्टेशनजवळ’ हॉटेल घेऊन भागत नाही. तुमच्या गाड्या जिथून सुटतात, तिथे चालत किंवा मेट्रोनं थेट पोचता आलं पाहिजे.

गाव निवडताना एका बाजूचा प्रवास साधारण तासाभराचा, फार तर दीड तासाचा ठेवा. आणि गावाचं स्टेशन खरोखर गावात आहे का, तेही पाहा. कित्येक ठिकाणी स्टेशनला नाव गावाचं असतं, पण वस्ती तीन-चार किलोमीटर लांब असते आणि बस तासाला एक.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळापत्रक शेवटाकडून वाचा. परतीची शेवटची गाडी आणि तिच्या आधीची, दोन्ही लिहून ठेवा. बेत मात्र आधीच्या गाडीवर बांधा. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी फेऱ्या कमी असतात, रुळांची कामंही बऱ्याचदा तेव्हाच निघतात. म्हणून वेळापत्रक नेमक्या त्याच तारखेचं तपासा.

बाहेरगावची फेरी मधल्या दिवशी ठेवलेली बरी, म्हणजे सोबत सामान नसतं. जवळच्या पल्ल्याच्या साध्या गाड्यांना बहुधा आरक्षण लागत नाही, तेव्हा कुठल्या दिवशी निघायचं ते हवामान बघून आदल्या संध्याकाळी ठरवता येतं.