सायकलिंगमुळे गुडघा दुखतोय? या चुका टाळा

नवीन सायकल घेतलेल्या मित्रांकडून दोन-तीन आठवड्यांनी हमखास ऐकायला मिळतं की मांड्या भरून यायच्या सोडून गुडघाच दुखतोय, मला काही सायकल झेपत नाही. अहो थांबा, सायकल विकायला काढू नका, आधी सीटची उंची बघा.

सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत हे आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलंय आणि खरी गडबड तिथेच होते. सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा फार दुमडतो, तशाच दुमडलेल्या गुडघ्यावर आपण जोर लावतो, मग सगळा दाब वाटीवर येतो आणि मांडी लवकर थकते. भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल एकदम खाली न्या, त्यावर टाच ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्यात थोडासाच बाक राहतो, साधारण 25 ते 35 अंश, तेवढा हवाच. पण उत्साहात खूप वर पण नेऊ नका, कंबर डावी-उजवी हलायला लागली किंवा गुडघ्याच्या मागच्या बाजूला दुखलं तर सीट जास्त वर गेलीय, 4-5 मिमी खाली घ्या आणि परत चालवून बघा.

दुसरी चूक जड गिअर. मी स्वतः कात्रजचा जुना घाट पहिल्यांदा जड गिअरवर चढलो, वाटलं जेवढं जड तेवढे पाय मजबूत होणार, आणि नंतर चार दिवस जिना उतरताना गुडघा धरून उतरत होतो. सपाट रस्त्यावर मिनिटाला पायडलचे 80-90 फेरे जमले पाहिजेत, नवीन असाल तर 70 पण चालतील. अर्धा मिनिट एकाच पायाचे फेरे मोजा आणि दुप्पट करा, झालं. चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करा, मधेच अडकल्यावर नाही.

पायडल तळव्याच्या मध्यावर नको, चवड्याखाली हवं, नाहीतर पोटरीला कामच उरत नाही. पायडलचा फेरा म्हणजे घड्याळाची तबकडी समजा, जोर त्यातल्या 12 ते 5 या टप्प्यात लागतो, तिथे मांडीचा पुढचा स्नायू आणि कुल्ल्याचा मोठा स्नायू काम करतात, मांडीची मागची बाजू आणि पोटरी पुढे खालच्या टप्प्यात साथ देतात. वर येणारा पाय पायडलवर नुसता टाकून ठेवू नका, दुसऱ्या पायाला त्याचं पण ओझं ढकलावं लागतं. आणि गुडघे बाहेर फाकवू नका, पावलाच्या रेषेतच वरखाली व्हायला हवेत.

अजून एक, सायकलवर शरीराचं वजन पायांवर फारसं येत नाही त्यामुळे हाडांना हवा तसा व्यायाम होत नाही, आठवड्यातून दोनदा तरी स्क्वॉट्स करा किंवा जिने चढा.

गुडघ्याला सूज आली किंवा तो मधेच अडकायला लागला तर मात्र सीट वरखाली करत बसू नका, सरळ हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि सीट एकदा नीट बसली की सीटच्या दांड्यावर टेपची खूण करून ठेवा, घरातलं कोणी सायकल नेऊन सीट खाली केली तरी परत सगळं मोजायला नको.