उभ्या गाडीत एसी लावून बसताय? या चुका टाळा

बंद गाडीत एसी लावून झोपलेला माणूस गुदमरून गेला, की सगळे एसीलाच बोल लावतात. मारेकरी असतो तो इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड. पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजीच्या साध्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो. म्हणजे एसी जितका वेळ, धूरही तितका वेळ. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. झोपलेल्याला काही कळायच्या आत शुद्ध हरपते.

त्यामुळे बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसूच नका. गॅरेजचं शटर वर आहे एवढ्याने भागत नाही. उघड्यावरसुद्धा सायलेन्सर भिंतीला भिडलेला नाही ना, त्याचं तोंड चिखलाने, पाण्याने किंवा बर्फाने बुजलेलं नाही ना, हे उतरून बघा. वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. खालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर कमी विषारी करणारा भाग, गवत पेटवण्याइतका तापतो.

आतलीच हवा फिरवत ठेवणाऱ्या रिसर्क्युलेशनच्या बटणावर लोकांचा फार भरवसा! गाडी काही हवाबंद डबा नव्हे. धुराचा पाइप गंजून फुटला असेल किंवा डिकीचं रबर फाटलं असेल, तर धूर फटींतून आत शिरतोच. वर आपल्याच उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साठून डोकं जड होतं, ते वेगळंच. बाहेरची हवा स्वच्छ असेल तर अधूनमधून ती आत घ्या. काच बोटभर खाली केली की झोपायला हरकत नाही, हेही खरं नाही. झोपायचंच असेल तर सावली शोधा, इंजिन बंद करा, काचा उघडा.

उभ्या गाडीत गारवा कमी लागतो, तो बहुधा बिघाड नसतो. इंजिन मंद असल्याने कॉम्प्रेसर सावकाश फिरतो आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरला समोरचा वारा मिळत नाही. त्यासाठी रेस देत बसू नका. मात्र इंजिनाच्या तापमानाचा काटा चढू लागला तर एसी लगेच बंद करा आणि पुढचा पंखा तपासून घ्या. गाडीखाली ठिबकणारं स्वच्छ पाणी एसीचंच असतं. सायलेन्सरचा आवाज एकाएकी फाटका येऊ लागला, तर ते दुखणं लांबणीवर टाकू नका.

इलेक्ट्रिक गाडीत धुराचा प्रश्न नाही. इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिडचं इंजिन मात्र आपलं आपण सुरू होतं, म्हणून तिला पेट्रोल गाडीचेच नियम.

आणि ‘एसी चालू आहे, दोन मिनिटांत येतो’ म्हणत मुलांना आत ठेवून जाऊ नका. इंजिन बंद पडलं तर उन्हात 10 मिनिटांत आतलं तापमान सुमारे 10 अंशांनी चढतं.

बसल्या बसल्या डोकं दुखू लागलं, मळमळलं, गरगरलं, तर आधी मोकळ्या हवेत या आणि लगेच दवाखाना गाठा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड भिनलेल्या रक्तातही तो आकडा चांगलाच दाखवू शकतो. डॉक्टरांना मात्र ‘चालू गाडीत बसलो होतो’ हे आवर्जून सांगा.