मेंदूचा ऑक्सिमीटर: भूल देण्याआधीची तयारी

शस्त्रक्रियेत मेंदूतल्या ऑक्सिजनवर नजर ठेवायची असेल, तर रुग्ण जागा असताना, मास्कने ऑक्सिजन सुरू होण्याआधीच मेंदूच्या ऑक्सिमीटरचे, म्हणजे कपाळातून प्रकाश सोडून मेंदूच्या रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचे, दोन्ही सेन्सर कपाळावर लागलेले हवेत. पुढचे सगळे निर्णय त्या वेळच्या बेसलाइनवर, म्हणजे सुरुवातीच्या आकड्यावर, उभे राहतात. ऑक्सिजन दिल्यावर घेतलेली बेसलाइन फुगलेली निघते आणि नंतरची साधी घटही मोठी भासते.

मॉनिटर सुरू करून दोन्ही केबल ओळखल्या जातात का, ते आधी बघा. सेन्सर वजनाप्रमाणे निवडा. तो एकदाच वापरायचा असतो, म्हणून एक जादा जोडी हाताशी असू द्या. कपाळावरचा घाम, तेल, क्रीम पुसून त्वचा पूर्ण कोरडी करा. ओलसर त्वचेवर कडा सुटतात आणि बाहेरचा उजेड आत शिरतो. सेन्सर भुवयांच्या बराच वर, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना बसवा. खाली गेला तर कपाळाची हवेची पोकळी आड येते, मध्यावर आला तर मोठ्या शिरेचे रक्त मोजले जाते, कानशिलाकडे सरकला तर स्नायूचे. केस प्रकाश शोषतात, त्यामुळे केसांच्या रेषेपासून लांब राहा.

काही यंत्रांत प्रकाशस्रोतापासून 3 आणि 4 सेंमीवर दोन डिटेक्टर, म्हणजे परतलेला प्रकाश टिपणारे भाग, असतात. जवळच्या डिटेक्टरच्या मदतीने कातडी-कवटीचा वाटा वजा होतो, पण पुरता नाही. नॉरॲड्रेनालिन या रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाने कातडीतला रक्तपुरवठा आक्रसला तरी आकडा घसरू शकतो, हे विसरू नका.

हा आकडा प्रामुख्याने शिरांतल्या, म्हणजे ऑक्सिजन देऊन परतणाऱ्या, रक्ताचा असल्यामुळे 60 ते 75 टक्के दिसला तर घाबरू नये. बेसलाइनशेजारी रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि डोक्याची स्थिती लिहून ठेवा. भूल दिल्यावर श्वासातला कार्बन डायऑक्साइडही. सेन्सरखाली रक्तगाठ असेल, कावीळ असेल किंवा मिथिलीन ब्लू हे निळे रंगद्रव्य दिले जाणार असेल, तर तेही नोंदवा. अशा वेळी आकडा फसवतो. एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी ताडू नका.

अलार्म बेसलाइनच्या 20 टक्के खाली लावा, म्हणजे 70 असेल तर 56 वर. 50 च्या खाली गेल्यास बेसलाइन काहीही असो, दखल घ्या. घट एकाच बाजूची असेल तर आधी सेन्सर, मग मानेचा कल आणि रक्तवाहिन्यांत घातलेल्या नळ्या तपासा. दोन्हीकडे असेल तर रक्तदाब, कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन आणि हिमोग्लोबिन या क्रमाने जा. कार्बन डायऑक्साइड कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि अनेकदा व्हेंटिलेटरचा वेग थोडा कमी केला तरी आकडा वर येतो.